खलास म्हणेपर्यंत

२ मार्च १९९८, सोमवार

बेड चारला नवी पोरगी. अस्मी. सहा वर्षांची, इथल्याच, दुबईच्या करामातली, आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या. परवा शाळेचा जिना चढताना पाय लुळे पडले, काल उठून बसता येईना. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, खालून वर चढतो. पाय गेले, हात जातील, मग श्वास. नंतर आपला आपण उतरतो, पण उतरायला महिने लागतात. आईबापाला त्यातला 'श्वास' तेवढा ऐकू आला. बाप परेश, शिपिंगच्या ऑफिसात. आई मनाली. ठाण्याची माणसं.

मी पोरीला म्हटलं, काय गं आळशे, हॉटेल समजून झोपायला आलीस होय?

"आय ॲम नॉट लेझी," म्हणते, "माय लेग्ज आर."

आवडली मला! लहान मुलांच्या आयसीयूत हसायला मिळणं म्हणजे लॉटरीच. सकाळीच बेड दोनच्या बाळाचं बीपी तीनदा पडलं होतं.

४ मार्च

हात गेले. चमचा धरता येत नाही म्हणून रडली. मी नाटक केलं — राणीसाहेब, दासी हजर आहे, तोंड उघडा. तर तोंड घट्ट मिटलं. रागीट आहे. बाप सांगत होता, ल्यूडोत हरली तर दोन दिवस बोलत नाही, सोंगट्या बाल्कनीतून खाली टाकते. हरणं जमतच नाही म्हणे.

मग मी आमच्या शाळेतला खेळ काढला. गुरुजी पोस्टात गेले की आम्ही पोरी खेळायचो. उलट्याचा खेळ. विचारेल त्याचं उलटं सांगायचं. हो ते नाही, नाही ते हो. चुकला तो हरला. इथं नियम केला — 'यल्ला' म्हटलं की सुरू, 'खलास' म्हटलं की बंद.

"दॅट्स लाइंग," ती म्हणाली.

मी म्हटलं, खोटं कधी? समोरच्याला माहीत नसतं तेव्हा. इथं आपल्या दोघींना माहीत आहे.

पटलं तिला. नऊ वेळा खेळलो. नऊ वेळा हरली. अजून हवं होतं. औषधाची वेळ झाली म्हणून खलास म्हटलं.

६ मार्च

दुपारी श्वास गेला. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. नळीसाठी झोपेचं औषध दिलं होतं, ते उतरल्यावर जागी झाली आणि सगळं कळत होतं तिला. फक्त हलत काही नाही. तोंड नाही, बोट नाही. डोळे तेवढे.

परेशनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं मोठं लिहून पलंगाला लावलं. डोळे वर — येस. डोळे बाजूला — नो. अक्षर हललेलं आहे. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी पाणी दिलं. म्हणाला, मावशी, ती सगळं ऐकते ना? म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त.

११ मार्च

बेड दोनचं बाळ गेलं. साडेअकराला. पाच महिन्यांचं. आई सोनापूरच्या साबणाच्या फॅक्टरीत पॅकिंगला, सुपरवायझरनं सोडेपर्यंत खलास.

बेड पुसला. चादर बदलली. एक वाजता दुसरं आलं.

१४ मार्च

अस्मीच्या रक्तातला प्लाझ्मा मशीनवर बदलतायत. बदलला की अंगातलं कॅल्शियम उतरतं, मग हातातून कॅल्शियमची ड्रिप. ती शिरेत असली तर औषध. शिरेबाहेर पडली तर आतून जाळते. हाताला फळी आणि वर बँडेज, त्यामुळं दिसत नाही. म्हणून दर तासाला सोडून बघायचं आणि विचारायचं. दुखतंय का?

आज विचारलं, तर डोळे एकदम वर. सोडलं, तर मनगट फुगायला लागलेलं. लगेच काढली सुई. थोडक्यात वाचली.

डॉक्टर राउंडला म्हणाले, ही मुलगी भरवशाची आहे, ती सांगते ते ऐका. सगळ्या वॉर्डात झालं — बेड चार भरवशाची. मला अभिमान! जसं काही मीच जन्म दिला.

१७ मार्च

एजन्सीचा राजन आला होता. त्याचं नेहमीचं. "प्रभा सिस्टर, एक तारीख को इधर खलास. चार से अल ऐन, तीन महीना. अच्छा जगह है, हवा अच्छा है." म्हटलं, राजन, हवा खायला नेतोस की कामाला? हसतो नुसता. पाच वर्षांत हे माझं अकरावं हॉस्पिटल. पासपोर्ट त्याच्या कपाटात, मी त्याच्या व्हॅनमध्ये.

फिरत्या नर्सचं एक बरं असतं. पोर बरं होवो नाहीतर मरो, आपण बघायला नसतो.

माझ्या जागी छायाला घेणार. छाया माझ्या खोलीतली, खाटेला खाट. सव्वीस वर्षांची, लांज्याकडची, येऊन चारच महिने झालेत. मोठ्यांच्या वॉर्डात होती. लग्न ठरलंय, दिवाळीनंतर. लग्नासाठी प्रेशर कुकर घेऊन ठेवलाय, खोक्यातून काढत नाही. मी रोज म्हणते, एक दिवस यात मटण शिजवते बघ. ती खोकं उशाशी घेऊन झोपते!

२० मार्च

डोळ्यांनी खेळतो आता. मी कानात यल्ला म्हणते. मग विचारते, तू मुलगी आहेस का? बाजूला. तू म्हैस आहेस का? वर! आणि मग चुकते, कारण डोळ्यांतल्या डोळ्यांत हसते आणि भान सुटतं. स्कोअर — मी सव्वीस, अस्मी शून्य. हरली की डोळे मिटून घेते, माझ्याकडे बघत नाही. मग उघडते. पुन्हा हवं असतं.

मनाली म्हणाली, तुमची ड्यूटी असली की तिची नाडी शांत असते.

 माझे इथले बारा दिवस राहिलेत.

२८ मार्च

पाडवा. छायानं पोछ्याच्या काठीची गुढी केली, वर चहाचा स्टीलचा ग्लास. वॉचमन लियाकत खालून ओरडला की बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. मी वरून सांगितलं, हा देव आहे. तो म्हणाला, देव कपडे पहनता है? त्याला श्रीखंड दिलं. गप्प.

अस्मीला केसांची फुलपाखराची क्लिप नेली. बारा दिरहम! सव्वाशे रुपये. कपाळावर लावली. साखरेची गाठी पलंगाला बांधली, तर मेट्रननं सोडायला लावली. मुंग्या येतात म्हणे. या काचेच्या डब्यात मुंगी येऊन दाखवू दे.

आजार उतरायचं नाव घेत नाही. प्लाझ्मा परत बदलायचं ठरलंय, पुढच्या आठवड्यात. परत कॅल्शियम.

१ एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. मी पोरांना निरोप देत नाही. ठरलेलं आहे. ह्यांना, भिकाजीरावांना, एस्टी स्टँडवर हात हलवून निरोप दिला होता मी. चांगला पाच मिनिटं, बायका हसल्या होत्या. ते शारजाच्या साइटवर आले आणि खोक्यातून परत आले. तेव्हापासून निरोप बंद. ड्यूटी संपली की पर्स उचलायची आणि चालू लागायचं.

पण ही ओळखणार होती. सकाळपासून डोळे माझ्यावरच. मी कप्पा रिकामा केला, मग डबा घेतला, तर डोळे डब्यावर. मनालीनं सांगितलं असेल काहीतरी. साडेसहाला तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. तिला पुसता येत नाही ते. कानात जातं.

मी घाबरले. म्हटलं, ए, रडूबाई! एक मोठा खेळ खेळू या? सगळ्यात मोठा. यल्ला! आणि आता मी खलास म्हणेपर्यंत. कुणीही विचारू दे — डॉक्टर, आई, छायासिस्टर — उलटंच सांगायचं. बघू टिकतेस का. तू तर काय, पाच मिनिटांत हरशील.

डोळे चमकले. पाणी थांबलं. मी विचारलं, मी जाऊ नको का? बाजूला बघितलं. म्हणजे उलट — हो, जाऊ नको. लबाड!

मी हसत हसत निघाले. छायाला चार्ट दिला, सगळं सांगितलं. कॅल्शियम, फळी, दर तासाला बघ. पोरगी भरवशाची आहे म्हटलं. खेळाचं सांगितलं नाही. ते काय सांगायचं, पोरखेळ. तासाभरात विसरेल.

४ एप्रिल

अल ऐन. हवा चांगली आहे. राजन खरं बोलला, आश्चर्य.

७ एप्रिल

बकरी ईद. निम्मा स्टाफ सुट्टीवर. मी एकटी, तीन व्हेंटिलेटर. पाय सुजलेत. दुबईत पण हेच चालू असेल.

१० एप्रिल

हॉस्टेलच्या फोनवर छाया. आधी नुसती रडत होती. मग एकेक करून सांगितलं.

ईदच्या दिवशी तिच्याकडे दोन पेशंट होते. शेजारच्या बेडवरच्या पोराचं हृदय दोनदा थांबलं, ती तिकडे अडकलेली. अस्मीला कॅल्शियम चालू होतं. तासातासाला पळत येऊन विचारत होती — दुखतंय का? पोरगी बाजूला बघायची. नाही. परत विचारलं. नाही. पाच वेळा. नाडी वाढली होती, पण ह्या आजारात नाडी वरखाली होतेच. बँडेज सोडलं ते सहाव्या तासाला. डाव्या हाताची मागची बाजू काळी पडली होती.

"प्रभाताई, मी पाच वेळा विचारलं. ती नाही म्हणाली. देवाशपथ नाही म्हणाली."

मी म्हटलं, हो.

बास. एवढंच म्हटलं मी. हो.

११ एप्रिल

बँडेज सोडून बघायला पाहिजे होतं तिनं. मी सांगितलं होतं तिला. दर तासाला बघ, असं स्पष्ट सांगितलं होतं. नुसतं विचारून भागत नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला पण कळतं.

हे खरं आहे. हे सगळं खरं आहे, आणि जेवण जात नाही.

१५ एप्रिल

छायाचा परत फोन. अस्मीची करंगळी काढली. हाताच्या मागच्या बाजूला मांडीचं कातडं लावणार आहेत.

मेट्रन म्हणते, छायानं चार्टवर खोटं लिहिलं. विचारलंच नाही आणि 'दुखत नाही' असं पाचदा लिहिलं. कारण बेड चार भरवशाची आहे. हात जळत असताना ती नाही म्हणेलच कशी? चौकशी लावलीय. दोषी ठरली तर लायसन्स जाईल, वर बॅन. मग ह्या देशात कुठंच नोकरी नाही, आणि मुंबईत कागद दाखवायची सोय नाही.

डॉक्टर म्हणाले ते वाक्य माझ्यामुळंच म्हणाले ना. चौदा मार्चला.

२४ एप्रिल

छाया आली होती. शेअर टॅक्सीनं, दीड तास उन्हात. ड्यूटी बंद केलीय तिची. वाळलीय. मी वरण-भात केला, चिडवायला म्हटलं, लग्नाच्या आधी एवढी बारीक झालीस तर नवरा बदली मागेल. हसली नाही. तिकडच्या लोकांना अजून सांगितलेलं नाही तिनं.

जाताना दारात विचारलं, "ताई, तुम्ही तिला ओळखता. ती खोटं का बोलेल?"

मी म्हटलं, लहान पोर आहे.

तिनं चपला घातल्या. मग पायऱ्या उतरून गेली. मी वरून बघितलं. हाक मारली असती तर थांबली असती. हाक मारली नाही.

२७ एप्रिल

सांगितलं तर माझं काय? वय सत्तेचाळीस. परत पाठवतील. गावी भावजयीच्या पडवीत बसेन. नर्स होती, पोराचा हात घालवून आली, म्हणतील. म्हणू देत.

नाही, म्हणू देत नाही. भीती वाटते. इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते.

५ मे

मनालीचा फोन. राजनकडून नंबर घेतला. मला वाटलं, कळलं. 

तसं नव्हतं. अस्मी आता बरी होतेय. खांदे हलतात. गळ्यात नळी आहे, पण मशीनचा जोर कमी केलाय. पण, मावशी, म्हणाली, ती माझ्याशी नीट वागत नाही. विचारलं, आई जवळ बसू का, तर बाजूला बघते. बाबा हवा का — बाजूला. घरी जायचं का — बाजूला. डॉक्टर म्हणतात धक्का बसलाय, उत्तरं धरू नका. आता कुणी तिला काही विचारतच नाही. "मी हॉस्पिटलात उशिरा पोहोचले होते ना ईदच्या दिवशी. म्हणून रागावलीय का हो माझ्यावर?"

एवढं पोरगं. महिना झाला. अजून खेळतंय.

मी मनालीला म्हटलं, रागावलेली नाही ती. तिनं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, इकडे बेल वाजतेय. फोन ठेवला. बेल वाजत नव्हती.

९ मे

छायानं राजनच्या व्हॅनमधून कुकर पाठवला. खोकं फोडलेलं नाही. वर चिठ्ठी — ताई, तुम्हाला हवा होता ना. चौदाला कमिटी आहे, त्याच रात्रीचं तिकीट काढून ठेवायला सांगितलंय. सामानात बसत नाही.

कुकर टेबलावर आहे. त्याच्याकडे पाठ करून बसलेय.

१३ मे

कागद लिहिला, इंग्रजीत. फाडला. माझं इंग्रजी म्हणजे गावच्या शाळेचं, खेळाला काय म्हणायचं तेच येईना. परत लिहिला. 'आय टोल्ड द चाइल्ड टु से ऑपोझिट.' चार ओळी झाल्या. पर्समध्ये ठेवला.

सकाळी सहाची टॅक्सी आहे. देईन की नाही, माहीत नाही. जाणार आहे एवढं नक्की.

१४ मे, गुरुवार

कमिटीच्या आधी बेड चारकडे गेले. गळ्याच्या नळीला बूच लावलंय, कालपासून कुजबुजल्यासारखं बोलते म्हणे, पण कुणाला उत्तर देत नाही. डाव्या हाताच्या बँडेजात चार बोटं. फुलपाखराची क्लिप केसांत. मनाली उशाशी. मेट्रन मला बघून मागोमाग आली.

मी वाकले. म्हटलं, खलास.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग, हवेसारखा आवाज —

"डिड आय विन?"

मी म्हटलं, हो. जिंकलीस.

मनालीनं विचारलं, मावशी, काय जिंकली ही?

आधी तिला सांगितलं, मराठीत. मग मेट्रनला.